‘सॉरी’ : क्षमा, खेद आणि कीव

इंग्रजीतील ‘सॉरी’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की, तो परका आहे याचे स्मरणही फारसे कोणास राहत नाही. धक्का लागला, ‘सॉरी’. पत्राचे उत्तर लांबले, ‘सॉरी’. मराठीत नांदताना त्याचा एकच अर्थ उरला : चुकलो, क्षमा असावी. इंग्रजीत मात्र या शब्दाचा संसार बराच मोठा आहे.

त्याचे मूळ क्षमेत नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना. त्यावरून ‘सारिग’ म्हणजे व्यथित. आजचा ‘सोअर’ हा त्याच कुळातला. दुःखवाचक ‘सॉरो’ सख्ख्या भावासारखा दिसतो खरा, परंतु त्याचे कूळ निराळे. तेव्हा ‘सॉरी’चा गाभा एवढाच की मन दुखत आहे, ते कशासाठी, हे पुढील शब्दांनी सांगायचे.

घोटाळा होतो तो येथेच. उशिरा आलेला एखादा कारकून अदबीने ‘आय ॲम सॉरी फॉर यू’ असे म्हणतो. त्याच्या मनात क्षमायाचना असते. साहेबाला ऐकू येते, ‘मला तुमची कीव येते’! ‘फॉर’पुढे माणूस आला की करुणा, आणि स्वतःचे कृत्य आले की पश्चात्ताप. ‘आय ॲम सॉरी फॉर बीइंग लेट’ असे म्हटले असते तर बिचाऱ्याचे काम झाले असते. उलट, कोणाच्या वडिलांच्या निधनाची वार्ता कळल्यावर ‘आय ॲम सॉरी टु हिअर’ अशी सुरुवात करणारा कसलाच अपराध कबूल करीत नाही. मराठीतले ‘ऐकून फार वाईट वाटले’ तेच ते. हाच शब्द नामाच्या आधी बसला, की त्यात तुच्छतेची छटा येते. ‘अ सॉरी एक्स्क्यूज’ म्हणजे खेदपूर्ण सबब नव्हे, तर केविलवाणी, लंगडी सबब.

हा काथ्याकूट केवळ शाळामास्तरांचा नव्हे. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटानजीक अमेरिकेचे टेहळणी विमान व एक चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणास मुकला. अमेरिकन विमान परवानगीवाचून हैनानवर उतरले आणि त्यातील २४ जण अडकून पडले. चीनने क्षमायाचनेची मागणी केली. अमेरिका अपराध कबूल करावयास तयार नव्हती. अखेर ११ एप्रिलच्या अमेरिकन पत्रात ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोनदा आले : एकदा वैमानिकाच्या कुटुंबाच्या व चिनी जनतेच्या हानीविषयी, एकदा परवानगीवाचून उतरल्याविषयी. चीनने ती क्षमायाचना मानली. अमेरिकन अधिकारी म्हणाले, हा केवळ खेद. दुसऱ्याच दिवशी ते २४ जण सुटले. शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी उपयोगी पडले, असेच म्हणावे लागेल.

कॅनडात तर ही संदिग्धता कायद्यालाच निस्तरावी लागली. अपघातानंतर ‘सॉरी’ म्हटल्यास कोर्टात ती कबुली ठरेल, या भीतीने माणसे गप्प राहू लागली होती. ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली कायदा करून ठरविले की, असे उद्गार म्हणजे दोषाची कबुली नव्हे. तेव्हापासून तेथील डॉक्टरला रुग्णाच्या नातलगांसमोर हा शब्द उच्चारण्यापूर्वी वकिलाचे तोंड पाहावे लागत नाही.