लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : रुग्णाची तयारी आणि घराची तयारी

(वर्षावासातील प्रबोधनमालेत विहारात दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. विषयाचे नाव ऐकताच काहींच्या चेहऱ्यावर हसू आले. ते आम्हास अपेक्षितच होते. मधुमेह, क्षय, सिकलसेल यांवर कोणी बोलू लागले की सभा गंभीर होते. वजनाचे नाव काढले की हसते. आपल्या सभासदांपैकी दोघे जण सध्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तयारी करीत आहेत. कित्येक महिने त्यांनी ही गोष्ट सख्ख्या नात्यातही सांगितली नव्हती, आणि त्याचे कारण हे हसूच होय. त्यांच्या संमतीने, नावे न घेता, त्यांच्यासाठी आणि उद्या ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी आम्ही बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा आणि वाचणारा माणूस, एवढीच आमची पात्रता. तेव्हा शस्त्रक्रिया करावी की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. ठरल्यानंतर रुग्णाने व घरच्यांनी काय करावे, एवढेच आमचे बोलणे आहे.

आपल्या समाजात लठ्ठपणाला आजार मानण्याची रीतच नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईवडिलांच्या पिढीने मिलो नावाची लाल ज्वारी खाल्ली, रोजगाराच्या कामावर सुकडीसाठी रांगा लावल्या. ज्या घराने उपास पाहिला, त्या घरात अंगाने भरलेले पोर म्हणजे आईची कमाई. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ ही आपल्याकडे स्तुती आहे. म्हणून आजही यवतमाळ असो की दिग्रस, पुसद असो की वणी, पाहुण्याने दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही तर घरच्या बाईला वाईट वाटते. त्या मायेला आम्ही नावे ठेवणार नाही. पण जी माया वाढते तीच पुढे थट्टाही करते, हे मात्र आम्हास खटकते.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, म्हणजे बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ! आपली भारतीय शरीरे चरबी पोटात साठवतात आणि कमी वजनावरच मधुमेहाच्या वाटेला लागतात. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण सर्व जाणतोच.

बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. एखाद्या भगिनीची उंची १५२ सेंटिमीटर व वजन ९५ किलो असेल, तर आकडा ४१ येतो. एवढ्या वजनाच्या माणसाला ‘थोडे कमी खा, सकाळी फिर’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो बहुधा दहा वर्षे तेच करीत असतो. वजन उतरले की शरीर भूक वाढवते, ऊर्जेचा खर्च कमी करते आणि गेलेले किलो परत मिळवते. हा आळस नव्हे. २०२५ साली भारतात आलेल्या नव्या इंजेक्शनांनी काहींना चांगला गुण येतो. पण ती आली तेव्हा महाग होती, आणि थांबवली की बहुतेकांचे वजन पुन्हा चढते.

शस्त्रक्रियेत काय करतात? पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने काम होते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग, कधी त्याहून थोडा अधिक, काढून टाकतात व उरलेले जठर केळ्यासारखी नळी होते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पोट लवकर भरते, भुकेचे संप्रेरकही बदलते, आणि पुष्कळांची साखर आटोक्यात येते. ती कायम तशीच राहील असे मात्र कोणी लिहून देत नाही. धोकेही आहेत. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरांत गुठळी. अनुभवी ठिकाणी मृत्यूचे प्रमाण हजारात एक-दोन असे सांगतात. ते शून्य नाही, हे घरच्यांनी आधीच ऐकून घ्यावे.

‘पण ती इजिप्तची बाई तर वारली ना?’ असा प्रश्न आम्हास विचारला गेला. इमान अहमद यांना २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्या अबुधाबीला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये तेथे वारल्या. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या, अनेक आजारांनी ग्रासलेल्या स्त्रीची ती कथा होती. तिच्यावरून आपल्या गावच्या चालत्याफिरत्या माणसाचे भविष्य काढू नये. त्या प्रकरणात आम्हास डाचले ते वेगळेच. रुग्ण कमी आणि तमाशा जास्त, असे त्या दिवसांत चालले होते.

आता धम्माकडे येऊ. कोसलाचा राजा प्रसेनजित हा मोठा खाणारा. संयुत्त निकायात त्याची कथा आहे. द्रोणभर तांदळाचा भात जेवून, धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. जेवणातील मात्रा ओळखणाऱ्याचे त्रास कमी होतात व म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती पाठ करावयास लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखव, दिवसाला शंभर कार्षापण देईन, असे सांगितले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, त्याचे अंग हलके झाले.

या कथेचा सोयीचा अर्थ काढून ‘बघा, राजाने शस्त्रक्रिया केली का?’ असे विचारणारेही आहेत. आम्हास कथेत दोन गोष्टी दिसतात. एक, राजा एका दिवसात नाळीवर आला नाही. दुसरी, तो एकटा आला नाही. ताटाशेजारी सुदर्शन उभा होता. शस्त्रक्रिया जठर लहान करते, मात्रा शिकवीत नाही. मात्रा आधीच शिकावी लागते, आणि त्यासाठी घरात एक सुदर्शन लागतो. बायको, नवरा, मुलगी, कोणीही. शंभर कार्षापण न घेता हे काम करणारा असावा!

म्हणून तारीख ठरली की त्याच दिवसापासून सराव सुरू करावा. लहान ताटली, लहान चमचा. प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावावा, जेवण वीस-तीस मिनिटे चालावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे. आपल्याकडे घास घशाखाली उतरवायला पाण्याचा गडू लागतो, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेच्या आधी साधारण दोन आठवडे डॉक्टर कमी उष्मांकाचा आहार देतात. तो शिक्षा म्हणून नसतो. यकृतातील चरबी उतरून ते आकसते आणि सर्जनला जठरापर्यंत पोहोचणे सोपे होते. त्या काळात शेजारच्या लग्नात ‘आजच्या दिवस चालते’ म्हणणारा हा हितचिंतक नव्हे.

विनयपिटकाच्या महावग्गात रुग्णाची सेवा कोणाला सोपी जाते ते सांगितले आहे. हितकारक तेच करणारा, त्यातही मात्रा जाणणारा, औषध घेणारा, आजार खरा-खरा सांगणारा आणि वेदना सहन करणारा. यांतील ‘खरा-खरा सांगणारा’ यावर आम्ही अधिक बोलणार आहोत, कारण आपल्या लोकांची गाडी तेथेच अडते.

खर्रा! डॉक्टरांनी विचारले की पुरुष म्हणतो ‘कधीमधी’, आणि खिशात दोन पुड्या असतात. भगिनीही दाताला लावायची मिसरी, तपकीर सांगत नाहीत. तंबाखू कोणत्याही रूपात रक्तवाहिन्या आकसवते, जखम भरू देत नाही, पुढे जठराला व्रण पाडते. कित्येक आठवडे आधी ती पूर्ण बंद हवी. दारूचेही तेच; बायपासनंतर तर थोडी दारूही लवकर आणि जास्त चढते. पंचशीलातील पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर ते खरे बोलण्याच्या रूपाने पाळावे.

सिकलसेलविषयी विशेष सांगतो. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार पुष्कळ आहे, आणि वाहक असलेल्या अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते. भूल देताना प्राणवायू व शरीरातील पाणी कमी पडणे अशा रक्ताला मानवत नाही. घरात कोणाला सिकलसेल असेल तर ते सांगावे; माहीत नसेल तर तपासणी करून घ्यावी. सोयरीक मोडेल म्हणून लपवलेला कागद शस्त्रक्रियेच्या टेबलावर महाग पडतो.

झोपेत घोरताना श्वास अडकतो का, हे रुग्णाला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याने सांगावे. रात्री उठून खाण्याची सवय, दुःखात खाण्याची सवय, मनाचा आजार, त्यावरील गोळ्या, हेही सांगावे. समुपदेशकाकडे पाठवले म्हणजे वेडा ठरवले असे नव्हे. रक्त, थायरॉईड, ईसीजी, सोनोग्राफी, दुर्बिणीने जठराची तपासणी हे सारे ओघाने होईलच.

वेदनेविषयी जीवकाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जीवकाने त्याच्याकडून कबूल करवून घेतले की तो सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर व सात महिने उताणा निजेल. प्रत्यक्षात श्रेष्ठीला प्रत्येक कुशीवर सात दिवसांपलीकडे निघेना. जीवक म्हणाला, तू एकवीस दिवसांतच बरा होणार हे मला ठाऊक होते, पण तसे सांगितले असते तर तू तेवढेही निजला नसतास! आजचा डॉक्टर अशी युक्ती करणार नाही, करूही नये. आज उलट निजून राहायचे नसते. गुठळी होऊ नये म्हणून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट उघडताना मात्र जीवकाने सर्वांना बाहेर काढले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. आतड्याची गाठ तिला दाखवली. नागपूरला डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते, तिला सोबत न्यावे. नुसता जावई किंवा भाऊ नेऊन भागत नाही.

आता पैशाचे, जे आमच्या रोजच्या कामाचे आहे. खाजगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया सरसकट बसत नाही. विमा नियामकाने २०१९ साली घातलेल्या अटींनुसार वय १८ वर्षे किंवा अधिक हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. ३५ किंवा त्यावर असेल तर हृदयविकार, झोपेतील श्वासाचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार आणि आधीचे सौम्य उपाय निष्फळ ठरल्याचे दिसावे लागते. म्हणून आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, जुन्या वजनाच्या नोंदी, साखरेचे अहवाल एका फाईलीत ठेवावेत. पॉलिसीचे प्रतीक्षाकाळाचे कलम वाचावे आणि कंपनीची पूर्वमंजुरी लेखी घ्यावी. शासकीय योजनेत बसते का ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे, गावातील पुढाऱ्याला नव्हे. कर्ज काढावेच लागले तर बँकेतून, हप्ता पगाराला झेपेल एवढेच. सावकाराचे दार नको. आणि सगळे पैसे शस्त्रक्रियेतच संपवू नयेत. त्यानंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभर आहेत, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी चुकवून चालत नाही. बस भाड्याचे पैसे नाहीत म्हणून तपासणी टाळणारे थोडे नाहीत.

नंतरचे दोन आठवडे फक्त द्रवपदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. प्रथिने रोज साठ ग्रॅमच्या आसपास हवीत. आपला जिल्हा तूर आणि सोयाबीन पिकवतो, तरी ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचे पाणी असते. आधी घट्ट वरण, अंडे, दही, मासा, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर, असा क्रम ठेवावा. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात. बहुधा परत येतात. त्वचा लोंबते. भगिनींनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, सुनेवर सासरचा दबाव असेल तर डॉक्टरांकडून सासूसमोरच सांगवावे. वजन मध्येच काही काळ एकाच जागी थांबते, तेव्हा घाबरू नये. पहिल्या वर्ष-दीड वर्षात जास्तीच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक उतरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादा ‘ढोल्या’ असेल. त्याचे खरे नाव तुम्हास ठाऊक आहे. ते वापरा.

संस्थेच्या कार्यकारिणीस एक विनंती करून आम्ही थांबतो. बुद्धपौर्णिमेच्या खीरदानात आणि चौदा एप्रिलच्या भोजनदानात लहान वाट्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि ज्याने लहान वाटी उचलली त्याला कारण विचारू नये. आपल्या त्या दोन सभासदांपैकी एकाची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे. नागपूरला सोबत जाण्यासाठी आणि मागे घरी थांबून म्हाताऱ्या आईला पाहण्यासाठी माणसे लागतील. ज्यांना जमेल त्यांनी सभेनंतर सचिवांकडे नाव द्यावे.

नमो बुद्धाय! जयभीम!