समुद्राचे दप्तर



सातबाऱ्याचा उतारा काढला की कोणत्या साली शेतात कोणते पीक होते, ते कळते. पृथ्वीचेही असेच एक दप्तर आहे. ते खोल समुद्राच्या तळाशी आहे. आम्ही जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण त्यातले एक पान आम्हांलाही उतारवयातच वाचायला मिळाले. ते आज तुम्हांला सांगतो.

समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे बारीक जीव राहतात. बहुतेक खसखशीच्या दाण्याहून लहान. पुष्कळांच्या अंगावर चुन्याचे कवच असते. जीव मेला की कवच तळाला जाऊन बसते. त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर थर साचतो. विहीर खणताना जसे थर लागतात, तसेच हे. जितके खाली जावे, तितका जुना काळ.

ही कवचे बोलतात, बरं का! प्राणवायूत हलकी आणि जड अशा जाती असतात. पाणी गार असले तर कवचात जड प्राणवायू थोडा जास्त जातो. पाणी ऊन असले तर कमी जातो. त्याचे मोजमाप केले की त्या काळचा समुद्र किती गरम होता, ते कळते.

१९८७ साली अंटार्क्टिका खंडाजवळ वेडेल समुद्रात एका जहाजाने तळाला भोक पाडले. तिथे पाणीच सुमारे २,९०० मीटर खोल. त्याखालचा गाळ नळीतून वर आणला. जेम्स केनेट आणि लॉवेल स्टॉट या शास्त्रज्ञांनी त्यातली कवचे तपासली. समुद्र एकाएकी तापला होता, असे त्यांनी १९९१ साली जाहीर केले. ही गोष्ट सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. तेव्हा पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढले. खोल तळाशी राहणाऱ्या या जिवांच्या शेकडा ३० ते ५० जाती कायमच्या नाहीशा झाल्या.

असे का झाले? हवेत कर्बवायू फार वाढला. लाकूड, कोळसा जळला की निघतो, तोच हा वायू. तो घोंगडीसारखा पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. समुद्राने त्यातला काही पिऊन घेतला आणि पाण्यात आंबटपणा वाढला. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळून पाहा. फेस येतो, टरफल विरू लागते. तळाची कवचे तशीच विरली.

त्याचाही पुरावा मिळाला. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात वॉल्व्हिस नावाची बुडालेली डोंगररांग आहे. २००३ साली तिथे पाच ठिकाणी तो काळ सापडला. पाचही ठिकाणी पांढरट चुन्याचा गाळ एकदम तुटतो आणि तांबडी माती लागते. ती म्हणजे कवचे विरून गेल्यावर उरलेला गाळ. मग पांढरा थर हळूहळू परत येतो. सारे पूर्ववत व्हायला एक लाखाहून अधिक वर्षे लागली.

तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. तो कर्बवायू हवेत आला काही हजार वर्षांत. आज माणसे कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून शे-दोनशे वर्षांतच तो सोडत आहेत. आजचा वेग तेव्हाच्या जवळजवळ दसपट आहे.

मंडळी, कर्ज काढायला एक दिवस लागतो, फेडायला पिढ्या लागतात. समुद्राचे दप्तर हेच सांगते. आपल्या गावाचा धूर त्यात थोडा. पण हवामान बिघडले तर पहिला फटका शेतकऱ्यालाच. म्हणून समुद्र तापल्याची बातमी आली, तर ती दूरची म्हणून सोडू नका. स्वतः वाचा. ज्या शेजाऱ्याला अजून अक्षर येत नाही, त्यालाही वाचून दाखवा.