उन्हाळ्यातल्या गवताळ तळ्यात मरळ कशी शोधावी, कशी धरावी



चैत्र सरला की शिवारातली कामं थोडी हलकी होतात. रब्बीची मळणी उरकलेली असते, नांगरट झालेली असते, आणि वळवाची वाट बघत माणूस झाडाखाली बसलेला असतो. अशा दिवसांत आपल्या भागातल्या तळ्यांचं पाणी आटत आटत मधे येतं आणि काठचं गवत उघडं पडतं. पुष्कळ गावांतून आम्हाला एकच प्रश्न येतो. तळ्यात मरळ आहे हे दिसतं, सकाळी तिचा आवाजही येतो, पण दिवसभर गळ टाकून बसलं तरी हाती लागत नाही. असं का?

याचं उत्तर मरळीच्या श्वासात आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतात. मरळीला कल्ले आहेतच, पण त्यांच्या वरच्या बाजूला बाहेरची हवा घेण्यासाठी वेगळी जागाही आहे. म्हणून ती मधून मधून वर येऊन तोंडाने हवा घेते. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. त्यातून गवत दाट असलं तर रात्रभर ते गवतच पाण्यातली हवा वापरतं, आणि पहाटे पाण्यात हवा सगळ्यांत कमी उरते. अशा वेळी रोहू-कटला वर येऊन तोंडं उघडतात, मोकळ्या पाण्याकडे पळतात. मरळ मात्र गवतातच ठाण मांडून राहते. तिथं सावली असते, लपायला जागा असते, आणि बेडूक, किडे, चिलापीची पिल्लं तोंडापाशी येतात. बहुतेक लोक गळ टाकतात मोकळ्या पाण्यात, आणि मरळ बसलेली असते हातभर अंतरावर गवताच्या छपराखाली!

तेव्हा पहिलं काम बघण्याचं. पहिले दोन दिवस गळ घरीच ठेवा. तांबडं फुटायच्या आधी तळ्यावर जा आणि काठापासून दहा पावलं मागे बसून राहा. मरळ वर आली की 'गुळुप' असा आवाज होतो, पाण्यावर एक वर्तुळ उठतं, मागं दोन-चार बुडबुडे राहतात. चांगलं ऊन वर येईपर्यंत बसलात तर तीच मरळ त्याच जागी परत परत वर येताना दिसेल. ती जागा काठावरच्या एखाद्या बाभळीच्या किंवा दगडाच्या खुणेनं लक्षात ठेवा.

जागा निवडताना गवत कोणतं आहे ते बघावं. पाण्याखालच्या शेवाळात, जिथं वर थोडं मोकळं पाणी आहे, तिथं ती फिरते. पानकणीस आणि लव्हाळ्याच्या कडेला ती दबा धरून बसते. कमळाच्या किंवा जलपर्णीच्या पसाऱ्यात ताटाएवढ्या, परातीएवढ्या मोकळ्या खिडक्या असतात, त्या सर्वांत चांगल्या. ओढा जिथं तळ्याला मिळतो ते तोंड, बांधाच्या पिचिंगचे दगड आणि काठावर वाकलेल्या झाडाची सावली ह्याही जागा सोडू नयेत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत जे पाझर तलाव झाले, त्यांत उन्हाळ्यात पाणी थोडंच उरतं. त्यामुळे तिथं शोध घेणं सोपं जातं. नेर किंवा राजेवाडीसारख्या ब्रिटिश अमदानीतल्या मोठ्या तलावांवर मात्र काठाकाठानं पुष्कळ चालावं लागतं. मायणीचा तलाव पक्ष्यांचा आहे, तिथं गळ घेऊन जाऊ नये.

आता सामान. चिव्याची सरळ, वाळलेली, दोन पुरुष लांबीची काठी पुरते. तंगूस मात्र जाड घ्यावा. मरळ गळाला लागली की ती मोकळ्या पाण्याकडे जात नाही, सरळ गवतात शिरते आणि देठांना वेढे घालते. बारीक तंगूस तिथंच तुटतो, आणि गळ तोंडात घेऊन मासा जातो तो जातोच. गवतात गळाचं टोक उघडं ठेवलं तर प्रत्येक वेळी शेवाळच वर येतं, म्हणून टोक आमिषात दडवावं. बूच बांधायची गरज नाही, ते गवतात अडकतं.

आमिषाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे जुनी रीत जिवंत बेडकाची. मरळ बेडकावर तुटून पडते हे खरंच आहे. पण बेडूक हा शेतकऱ्याचा बिनपगारी गडी आहे, भातातले आणि भाजीतले किडे तो रोज खातो. बेडकांची संख्या घटू लागली म्हणून आपल्या देशानं १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यातच बंद केली. एका मासळीसाठी चार बेडूक गळाला लावणं मला तरी पटत नाही. त्याऐवजी बोटभर चिलापी लावा. चिलापी आपल्या देशात १९५२ साली आणली गेली आणि आता तळ्यांतून इतकी माजली आहे की तिचा तुटवडा पडणार नाही. मोठं गांडूळही चालतं, पण त्यावर लहान मासेच फार त्रास देतात. आजकाल बाजारात रबराचा पोकळ बेडूक मिळतो. त्याचे गळ पाठीवर वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून ओढला तरी अडकत नाही. अमेरिकेत बास नावाचा मोठ्या तोंडाचा मासा उन्हाळ्यात असाच गवताखाली बसतो, त्यालाही तिकडचे लोक ह्याच रबरी बेडकानं धरतात. (गंमत अशी की, मरळीच्या जातीचा एक चिनी मासा २००२ साली तिकडे मेरीलँड राज्यातल्या एका तळ्यात सापडला, तेव्हा तो पसरू नये म्हणून सरकारनं त्या तळ्यात औषध टाकून सगळे मासे मारले. आपल्याकडे बाजारात भाव खाणारी जात तिकडे उपद्रवी ठरली.)

टाकायची वेळ पहाटेपासून नऊपर्यंत, आणि ऊन कलल्यावर दिवेलागणीपर्यंत. पाय आपटू नका, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. आमिष थेट खिडकीत टाकू नये. पलीकडच्या पानावर टाकावं, हळूहळू सरकवत आणावं आणि कडेवरून पाण्यात पडू द्यावं. बेडूक जसा पडतो तसं. क्षणभर थांबावं, मग थोडं हलवावं. मरळ आली तर पाण्याचा मोठा फवारा उडतो आणि नवखा माणूस दचकून लगेच हिसका मारतो. तिथंच चुकतं! ती आमिष आधी धरते, मग गवतात नेऊन तोंडात फिरवते. मनात पाच अंक मोजा, तंगूस ताणला गेला की मगच काठी जोरात वर घ्या. एकदा लागली की ढील देऊ नका, तिचं डोकं वर ठेवून गवतावरून सरळ काठावर ओढून आणा. दात तीक्ष्ण असतात, बोट तोंडात घालू नका.

वेढा बसून मासा अडकला तर सोडवायला पाण्यात उतरू नका. गवताखाली किती गाळ आहे ते वरून कळत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही देठांत पाय गुंतून बुडतो. तंगूस तोडा आणि घरी या. पोरांना तर एकटं पाठवूच नका.

मृगाच्या आगेमागे आणखी एक गोष्ट दिसेल. गवतात गोल मोकळी जागा करून मरळ अंडी घालते, ती पाण्यावर तरंगतात. पुढं तांबूस पिल्लांचा एक पुंजका पाण्यावर वर-खाली होताना दिसतो. त्याच्याखाली आईबाप राखण करीत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही झडप घालतात. त्यामुळे त्या वेळी त्यांना धरणं पोरखेळ असतो. पण मोठी जोडी गेली की चिलापी आणि इतर मासे तो पुंजका फस्त करतात. एका मासळीपोटी शेकडो जातात. पुंजका दिसला की काठी खांद्यावर टाका आणि दुसऱ्या काठाला जा. तळ्यात सुरुंग किंवा विषारी औषध टाकण्याला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. ते पाणी आपलीच जनावरं पितात हेही ध्यानात असू द्या.

तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकण्यापूर्वी त्यांना विचारावं, म्हणजे तंटा होत नाही. ज्यांनी स्वतःच्या मातीच्या तळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडायचं ठरवलंय, त्यांनी मात्र आत एकही मरळ राहू देऊ नये, ती बोटुकली खाते. नुसतं पाणी उपसून भागत नाही, कारण ती ओल्या गाळात दडून राहते. गाळाला भेगा पडेपर्यंत तळं वाळू द्यावं.

धरलेली मरळ ओल्या गोणपाटात गुंडाळली तर काही तास जिवंत राहते, आणि जिवंत मरळीला बाजारात जास्त भाव मिळतो. घागरीत ठेवली तर वर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवा, नाहीतर ती उडी मारून बाहेर पडते आणि सकाळी परड्यात सापडते. घरी खायची असेल तर राखेनं चोळून खवले काढा. काटे कमी असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ही मासळी द्यायला सोयीची पडते.