औषध देणारा हात : कायदा आणि नीती



या व्यासपीठावर आजवर इतिहासकार आले, प्राध्यापक आले, नामवंत डॉक्टर आले. त्यांच्या रांगेत आपण एका कामगार कार्यकर्त्याला उभे केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी औषधशास्त्र शिकलेला माणूस नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत झाले, एका बाजूला कायद्याचे पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला शब्दकोश ठेवून. औषधांच्या दुकानांतले आणि इस्पितळांच्या औषधभांडारांतले नोकर आमच्याकडे पगाराची आणि सुटीची गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले, तेव्हा त्यांचे काम कोणकोणत्या कायद्यांनी बांधलेले आहे हे मला वाचणे भाग पडले. वाचता वाचता ध्यानात आले की, हा प्रश्न त्यांच्या पगारापुरता नाही. तो तुमच्या-माझ्या जिवाचा आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

माझ्या लहानपणी दवाखान्यात पडद्याआड कंपाउंडर बसत असे. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, खलात पूड करायची, पुड्या बांधायच्या, बाटलीत मिक्श्चर भरायचे आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. आज पुड्या गेल्या, मिक्श्चर गेले. सारे कारखान्यातून बंद पाकिटात येते. त्यामुळे पुष्कळांना वाटते की, आता या माणसाचे काम फळीवरचा माल काढून देण्याएवढेच उरले. किराणा दुकानातला नोकर आणि हा, यांत फरक काय? फरक आहे, आणि तो कायद्याने केलेला आहे.

स्वातंत्र्यापूर्वी औषध कोणी बनवावे आणि कोणी विकावे, यावर आपल्याकडे फारसे बंधन नव्हते. निकस आणि भेसळीचा माल सर्रास खपत असे. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ साली तिचा अहवाल आला. त्या वाटेने पुढे दोन कायदे झाले : १९४० चा औषधांचा कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा. पहिला मालावर नजर ठेवतो, दुसरा माल देणाऱ्या माणसावर.

या दुसऱ्या कायद्यात एक गोष्ट मोठ्या शहाणपणाची होती. पहिली नोंदवही तयार करताना केवळ पदवी-पदविका पाहिली नाही. ज्याने दवाखान्यात किंवा इस्पितळात निदान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले होते, त्यालाही नोंदणीचा मार्ग ठेवला. अनुभवाने शिकलेल्या कामगाराला कायद्याने मान दिला. पुढे मात्र पदविका किंवा पदवी हाच रस्ता राहिला, आणि ते योग्यच झाले. कारण औषधे वाढली, त्यांचे धोकेही वाढले. याच कायद्याचे ४२ वे कलम सांगते की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणीही तयार करू नये, मिसळू नये, देऊ नये. डॉक्टर स्वतःच्या रोग्याला औषध देतो, त्याला यातून सूट आहे. कायदा १९४८ चा. पण हे कलम देशभर पुरतेपणी अमलात यायला १९८४ साल उजाडले. छत्तीस वर्षे!

आता दुकानाच्या काउंटरवर या कायद्याचा अर्थ काय होतो, ते पाहू. उद्या घरातल्या गोळ्यांचे पाकीट उलटे करून पाहा. पुष्कळ पाकिटांवर ‘शेड्यूल एच’ असे छापलेले आढळेल. याचा अर्थ, हे औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही. काही पाकिटांवर तांबड्या चौकटीत इशारा असतो. ती ‘एच-वन’ यादी. १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तीत ४६ औषधे घातली गेली : वरच्या श्रेणीची जंतुनाशके, क्षयाची काही औषधे, झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या. ही देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. त्याहून कडक ‘एक्स’ यादी. तिच्यासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक दुकानात दोन वर्षे राहते.

चिठ्ठीलाही नियम आहेत. तिच्यावर तारीख हवी, सही हवी, रोग्याचे नाव-पत्ता हवा, औषध किती आणि कसे घ्यायचे ते हवे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध देता येत नाही. आणि ‘हे नाही, पण याच्यासारखे दुसरे आहे, तेच औषध, कंपनी निराळी’ असे आपण रोज ऐकतो ना? या याद्यांतल्या औषधांच्या बाबतीत चिठ्ठीतले नाव बदलून दुसरे देण्याची मुभा नियमाने दिलेली नाही, मग आत द्रव्य तेच का असेना.

हे नियम कोणाच्या अनुभवातून आले, हे विसरू नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ग्लिसरॉलमध्ये मिसळलेले विष होते डायएथिलीन ग्लायकॉल. तेच विष २०२५ साली मध्यप्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधातून लहान मुलांच्या पोटात गेले आणि मुले मेली. या दोन्ही ठिकाणी मूळ दोष काउंटरवरच्या माणसाचा नव्हता. पण विषारी बाटली कोणत्या घरात पोहोचली हे शोधायचे झाले, तर बॅच नंबर लिहिलेले बिल आणि नीट ठेवलेली वही यांखेरीज दुसरा धागा कोणता? तो धागा ज्याच्या हातात असतो, त्याला आपण ‘फळीवरचा माल काढणारा’ म्हणतो.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. कायदा कोणाला पकडतो? ४२ व्या कलमाची भाषा आहे ‘फार्मासिस्टखेरीज कोणीही नाही’. या ‘कोणीही’मध्ये आठ-दहा हजारांवर राबणारा दुकानातला पोरगासुद्धा येतो. चिठ्ठीचे औषध त्याने दिले, तर गुन्हा त्याच्या हातून घडला. औषधांच्या कायद्याने मालकालाही मोकळे सोडलेले नाही. जो ‘स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्याकडून’ बेकायदा विक्री करील तो दोषी, असे त्याचे शब्द आहेत. इथपर्यंत न्याय आहे.

परंतु त्याच कायद्याखालचे नियम म्हणतात की, चिठ्ठीचे औषध फार्मासिस्टने द्यावे ‘किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली’ दिले जावे. म्हणजे एक कायदा सहाय्यकाच्या हातावर फटका मारतो, आणि दुसरा, देखरेख असेल तर, त्याच हाताला काम करू देतो. या दोन वाक्यांच्या फटीत आपल्याकडचे किती तरी सहाय्यक आयुष्य काढतात. त्यांची नोंद नाही, त्यांना सक्तीचे शिक्षण नाही, पदाला नाव नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून फार्मसी टेक्निशियनची नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे फार्मासिस्ट आणि ‘कोणीही’ यांच्यामध्ये पायरीच नाही.

आणि ‘प्रत्यक्ष देखरेख’ म्हणजे काय, तेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. काही दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असते, पण त्यावरचा माणूस दुकानात नसतो. त्याने आपले प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने दिलेले असते. घर भाड्याने देता येते, बैल भाड्याने देता येतो. जबाबदारी भाड्याने देता येत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याला फसवतात, आणि सापडतो तो तिसराच, काउंटरवर उभा असलेला.

माझ्याकडे आलेल्या एका कामगाराची हकीकत सांगतो. दुकानाचे नाव घेत नाही. गृहस्थ वीस वर्षे काउंटरवर उभे. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने चिठ्ठीवाचून झोपेच्या गोळ्या मागितल्या. यांनी हात जोडून नकार दिला. गिऱ्हाईक चिडले, मालकाकडे गेले. मालक म्हणाले, “दुकान तुझे की माझे?” दुसऱ्या दिवसापासून नोकरी बंद. त्या माणसाने कायदा पाळला होता, नीतीही पाळली होती. आणि त्याच्या पदरात काय पडले, तर मुलीच्या फीच्या महिन्यात बेकारी. आम्ही भांडून त्यांना थोडी रक्कम मिळवून दिली, पण नोकरी परत मिळाली नाही. मंडळी, मला विचाराल तर नीतीचा हा सारा प्रश्न एका शब्दात आहे : ‘नाही’. आणि हा शब्द उच्चारण्याचे काम समाजाने सर्वांत कमी बळ असलेल्या माणसावर सोपवून ठेवले आहे.

दुसरा शत्रू म्हणजे घाई. अमेरिकेतील ओहायो राज्यात २००६ साली एका इस्पितळात दोन वर्षांची एमिली नावाची मुलगी कर्करोगाच्या उपचारासाठी होती. औषध पातळ करायला साधे ०.९ टक्क्याचे मिठाचे पाणी वापरायचे. टेक्निशियनने वापरले २३.४ टक्क्यांचे. तपासणाऱ्या फार्मासिस्टच्या नजरेतून ते निसटले, आणि मुलगी गेली. त्या दिवशी संगणक काही वेळ बंद पडल्याने काम तुंबले होते, हातांची कमतरता होती, औषध लवकर पाठवा असा तगादाही होता, असे पुढे बाहेर आले. फार्मासिस्टचा परवाना गेला, त्याला तुरुंगही झाला. २००९ साली त्या राज्याने टेक्निशियनच्या पात्रतेचा आणि परीक्षेचा कायदा केला. तो एमिलीच्या नावाने ओळखला जातो. तो कायदा चांगलाच आहे. पण परीक्षा पास झालेला माणूससुद्धा बाराव्या तासाला थकतोच. थकलेल्या डोळ्याला ‘पाच’ आणि ‘पन्नास’ यांतला फरक दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो, कामाचे तास हासुद्धा औषधाच्या नीतीचाच भाग आहे. १९४८ साली फार्मसी कायदा झाला, त्याच साली मुंबई राज्यात दुकानांचा आणि व्यापारी संस्थांचा कायदाही झाला. तो लहान दुकानातल्या एकट्या नोकरालाही तास आणि सुटी देत होता. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानांना त्या बहुतेक बंधनांतून बाहेर काढले. आपल्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात दहा नोकर कुठे असतात? औषध देणाऱ्या हाताची जबाबदारी वाढत गेली, आणि त्याचे संरक्षण घटत गेले.

नीतीची बाकीची कलमे साधी आहेत, आणि चांगला कंपाउंडर ती न वाचताही पाळत आला आहे. रोग्याचे दुखणे चारचौघांत बोलू नये. अक्षर लागले नाही तर अंदाज करू नये. डॉक्टरांना फोन करावा. औषध केव्हा, किती, जेवणापूर्वी की नंतर, हे समजावून सांगावे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी तर रोग्याला असा सल्ला देणे फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले आहे. पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाची पट्टीही सांगितली आहे. मुदत संपलेला माल वेगळा काढावा. कमिशन पाहून औषध पुढे सरकवू नये. हे सारे त्याला कळते. पण मालकाचा हिशेब, गिऱ्हाइकाचा आवाज आणि घड्याळाचा काटा हे तिघे समोर उभे असताना, एकट्याने किती दिवस सज्जन राहायचे?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. सहाय्यकाला शिक्षण आणि नोंदणीची पायरी द्या. बेकायदा औषध द्यायला नकार दिल्याबद्दल कोणाला कामावरून काढता येणार नाही, असे कायद्यात लिहा. तास ठरवा, दुकान कितीही लहान असो. आणि भाड्याची प्रमाणपत्रे बंद करा.

आपल्याकडेही माझे मागणे आहे. दुकानात गेल्यावर फार्मासिस्ट कोण, हे विचारा. त्यात कोणाचा अपमान नाही. बिल घ्या, जपून ठेवा. ‘मागच्या वेळची गोळी द्या’ असा हट्ट धरू नका. अर्धवट घेतलेली जंतुनाशके पुढे जंतूंनाच बळकट करतात, आणि त्याची किंमत शेजाऱ्याच्या मुलालाही मोजावी लागते. आणि काउंटरवरच्या माणसाने ‘साहेब, चिठ्ठी आणा’ म्हटले, तर मालकाकडे तक्रार नेण्याऐवजी मालकासमोरच त्याला शाबासकी द्या. तुमचे ते एक वाक्य त्याच्या नोकरीला आधार देईल, आणि त्याचा ‘नाही’ तुमच्या घरच्यांचा जीव राखील.