परदेशी बिऱ्हाड करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळात आज असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातील एखादा मुलगा वा मुलगी समुद्रापलीकडे नाही. म्हणूनच हळदीकुंकवाला चार जणी जमल्या, की एकच प्रश्न निघतो : "मग, तुम्ही दोघे कायमचे जाणार का?" आमच्या घरी गेली दोन वर्षे हाच प्रश्न चर्चेत होता व आता त्याचा निकाल लागला आहे, म्हणून चिटणीसबाईंनी मला बोलण्याची आज्ञा केली. मी काही कायदेपंडित नव्हे. पण जी चौकशी केली, ती आपल्यापुढे ठेवते.

"तुम्हांला कोणता देश आवडतो?" असे सगळे विचारतात. पण आधी पाहावयाचे ते हे, की कोणता देश आपल्याला ठेवून घेतो. आमचा मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला, तर मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला. ह्यांच्या मनाने मुलाकडे जाण्याचे घेतले होते. ऑस्ट्रेलियाचा नियम असा, की निदान निम्मी मुले तेथे स्थायिक असली पाहिजेत. दोहोंपैकी एक, म्हणजे ती अट पुरी झाली. परंतु आईवडिलांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास सांगितली जाते! पैसे भरून जो व्हिसा मिळतो, त्याला माणशी ४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक खर्च येतो आणि तेथेही आज दहा वर्षांहून जास्त थांबावे लागते. सत्तरीच्या उंबरठ्यावरील माणसांनी ही रांग कशी धरावी?

इंग्लंडने तर २०१२ सालापासून दार जवळजवळ लावूनच घेतले आहे. आईवडिलांना रोजच्या शुश्रूषेची गरज आहे आणि ती मायदेशी मिळूच शकत नाही, असे सिद्ध करावे लागते. कॅनडाचा 'सुपर व्हिसा' उदार आहे. २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र तो पाहुण्याचाच परवाना. निदान १,००,००० कॅनेडियन डॉलरांचा वैद्यकीय विमा काढल्याशिवाय तो मिळत नाही. अमेरिकेत मात्र मूल तेथील नागरिक आणि एकवीस वर्षांवरील असेल, तर आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मुलाजवळ नुसते ग्रीन कार्ड असेल, तर त्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. आमची मुलगी नागरिक झाली आहे.

शेजारच्या एका वहिनींनी मॉरिशसही सुचविले. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात मुंबई बंदरातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्तांना ठरावीक रक्कम दरमहा आणण्याच्या अटीवर तेथे राहूही देतात. कल्पना गोड होती, पण तेथे आमचे रक्ताचे कोणी नाही.

दुसरा विचार औषधपाण्याचा. अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी योजना आहे. पण जे तेथे कधी नोकरीस नव्हते, अशा ग्रीन कार्डवाल्यांना पासष्टी झाल्यावरही सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्याखेरीज ती मिळत नाही, आणि मिळाल्यावर हप्ते भरावे लागतात. तोवर खासगी विमा घ्यावा लागतो. आपला येथील मेडिक्लेम तेथे बहुधा उपयोगी पडत नाही. हा पाच वर्षांचा खर्च मुलांशी कागदावर मांडून बोलावा. त्यात संकोच कसला?

"सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे" ही योजना बऱ्याच जणींच्या मनात आहे. ती पाहुण्यांच्या व्हिसावर एखादे वेळी जमते. ग्रीन कार्ड मात्र तेथे घर करणाऱ्यासाठी असते. परवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते जाण्याची भीती, आणि सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास परतताना प्रश्न विचारतात. शिवाय ग्रीन कार्डवाल्याला येथील ठेवींचे व्याजदेखील तेथील करपत्रकात दाखवावे लागते.

आता तिसरी गोष्ट, आणि मला वाटते हीच सर्वांत महत्त्वाची. आपण हा बेत नेहमी दोघांचा म्हणून करतो. पण दोघांतले एक आधी जाणार, आणि पुष्कळदा मागे राहते ती बाई. म्हणून प्रत्येक ठिकाणाविषयी मी एकच विचारू लागले : येथे मी एकटी उरले, तर माझा दिवस कसा जाईल? मुले कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर बर्फ, आणि मोटार चालविता येत नाही. दुपारी तीन वाजता मी कोणाशी बोलेन? कोथिंबीर आणायला पायी जाता येईल का?

ह्यांना प्रथम हे बोलणे अशुभ वाटले. दोन दिवस अबोलाही झाला. मग एका संध्याकाळी त्यांनीच विचारले, "आणि मी एकटा राहिलो तर?" त्या दिवसापासून आमचा विचार खऱ्या अर्थाने दोघांचा झाला.

न्यू जर्सीत एडिसन व आयझेलिन या गावांतून ओक ट्री रोड नावाचा रस्ता जातो. तेथे आपल्याकडील वाणसामान, साड्या, मिठाई सारे मिळते. मुलगी घर बदलणार होती. मोठे घर दूर होते आणि लहान घर या रस्त्यापासून चालण्याच्या अंतरावर. आम्ही लहान घरासाठी आग्रह धरला. जावईबापूंनी तो आनंदाने मान्य केला, आणि आम्ही न्यू जर्सीला जाण्याचे ठरविले.

"मुलगा असताना मुलीकडे कायमचे?" असे काही जणींनी विचारलेच. भगिनींनो, अर्ज घेणारा देश मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. मग आपण तो का करावा? मुलाने स्वतः फोनवर सांगितले, "आई, तू जेथे सुखाने फिरशील तेथे जा."

निघण्यापूर्वीच्या कामांविषयी थोडे सांगते. येथील घर लगेच विकू नका. मन रमले नाही, तर परतायला दार हवे. आम्ही ते भाड्याने देत आहो. परदेशी स्थायिक झाल्यावर बचत खाते एन.आर.ओ. करून घ्यावे लागते, हे बँकेत विचारा. खाती दोघांच्या नावे असू द्या. मृत्युपत्र करा, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यावयाचा, ते आधीच समजून घ्या. आणि या सगळ्या कागदांची फाईल बाईने स्वतः वाचावी, नुसती कपाटात ठेवू नये. ग्रीन कार्ड घेतल्याने आपले नागरिकत्व जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतले, तर मात्र ते जाते.

जाणे बरे की न जाणे, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ज्यांना येथेच राहावयाचे आहे, त्यांनी मुलांच्या आग्रहाखातर हो म्हणू नये. ज्यांना जावयाचे आहे, त्यांनी लोक काय म्हणतील म्हणून थांबू नये. ठरवा मात्र दोघांनी मिळून, आणि एकटीचा दिवस डोळ्यांपुढे आणून.

मंडळाची गुरुवारची दुपार मला तेथे मिळणार नाही, हे मी जाणून आहे. म्हणून तेथे चार जणी गाठून तशीच एक दुपार जमविण्याचा माझा मनोदय आहे.