फाटलेली पाळी

'सोनारानेच कान टोचावे लागतात' ही म्हण आपण वरचेवर ऐकतो. परंतु टोचलेला कान पुढे फाटला तर तो कोणी सांधावा, याविषयी म्हण मौन पाळते. आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि त्यासाठी आपणांस तंजावरला यावे लागेल.

तंजावर मराठी मनाला परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी नांदली. तेथील राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती मांडलेल्या आहेत. त्या देवदेवतांचे कान पाहावे. पाळ्या लांबत खांद्याकडे उतरलेल्या, छिद्रे विस्तारलेली, कोठे कुंडल आहे तर कोठे नाही. लांब पाळी हे त्या प्रदेशात सौंदर्याचे लक्षण होते. मदुराई-तिरुनेलवेलीकडील कष्टकरी स्त्रिया 'पांबडम्' नावाचे जड सुवर्णालंकार घालीत व त्यासाठी मुलींच्या पाळ्या बालपणापासून वजने अडकवून लांबवीत. पुढे विसाव्या शतकात रुची पालटली. जे काल भूषण होते, त्याची तरुण मुलींना लाज वाटू लागली, आणि लोंबणारी पाळी कापून, शिवून आखूड करून घेण्याची पाळी आली!

या शस्त्रकर्माचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय मुख्यतः कर्णवेध आणि कर्णबंध यांना वाहिलेला आहे. बालकाला खेळण्यात रमवावे, सूर्यप्रकाशात पाळीतील नैसर्गिक छिद्राची जागा हेरावी, मग वेध करावा, असे तो सांगतो. फाटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा आकृती तो देतो. कडा खरवडून ताज्या कराव्यात, जुळवाव्यात, मध व तूप लावून कापसाने झाकून बांधावे. बंध फार घट्ट नको, फार सैलही नको. रोग्याने पुढे बोलण्याचेसुद्धा श्रम करू नयेत! पाळी मुळीच उरली नसेल, तर गालाचे मांस एका बाजूने जोडलेलेच ठेवून उचलावे व त्याची पाळी घडवावी. त्या जोडलेल्या बाजूतून रक्त वाहत राहते, म्हणून नवे अंग जगते. सारे मर्म येथेच आहे.

पण हे ज्ञान पुढे कोणाच्या हाती राहिले? १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले. वर्षभराने पुण्याजवळ त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसविण्यात आले. हे करणारा पंडित नव्हता. तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील कारागीर होता. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये तेथे तशीच शस्त्रक्रिया केली. पोथी एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी आपली फारकत झाली होती. ग्रंथ पाठ करणाऱ्याने शस्त्र धरले नाही आणि शस्त्र धरणाऱ्याच्या नावाचीही नोंद आपण ठेवली नाही.

ही फारकत मिटविण्याची इच्छा असलेला एक मराठी राजा तंजावरात होऊन गेला. दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले व धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी बसविले. नेत्ररोग्यांच्या नोंदी, रंगीत चित्रांसह, त्या ग्रंथालयात आजही आहेत. रोग्याची टाचणे ठेवणे म्हणजे हाताचे ज्ञान कागदावर आणणे. पुण्याच्या त्या कारागिराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

आज हे शस्त्रकर्म साधे झाले आहे. पाळीत कूर्चा नसते. केवळ त्वचा, मेद व तंतू असतात. जड झुब्याने छिद्र वर्षानुवर्षे खाली ओघळते, किंवा तान्ह्या मुलाच्या एका हिसड्याने पाळी दुभंगते. जखम भरताना दोन्ही कडांवर स्वतंत्र त्वचा चढते, म्हणून जुनी फट आपोआप कधीच मिळत नाही. शल्यवैद्य जागा बधिर करतो, ती त्वचा काढतो व बारीक टाके घालतो. सरळ रेषेतील व्रण आकसून खालच्या काठाला खाच पडू नये, म्हणून कित्येकदा छेद नागमोडी घेतात. सुमारे आठवड्याने टाके निघतात. नवे छिद्र मात्र काही महिन्यांनी, व्रणापासून दूर पाडावे. ज्यांच्या अंगावर व्रण गाठीसारखे वाढतात, त्यांनी हे आधीच वैद्याला सांगावे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पाळीचे काय एवढे! परंतु कानावर पदर ओढून लग्नसमारंभात मागे बसणारी बाई आपण पाहिलेली असते. तिचे दुखणे प्राणघातक नसते, म्हणूनच ते कोणी विचारीत नाही. सुश्रुताला मात्र त्यासाठी पंधरा उपाय लिहावेसे वाटले. झुबे जड असतील तर कानसाखळीचा वेल वर केसांत अडकवावा, रात्री ते काढून ठेवावेत. आणि पाळी फाटलीच, तर लाजू नये. सोनाराने टोचलेला कान वैद्याकडून सांधून घ्यावा.