मेंदूचा फोटो आणि विसराळूपणा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. म्हणजे पझेशन घेताना जे चाळिशी-पन्नाशीत होते, ते आता पासष्ट-पंचाहत्तरीचे झाले. त्यामुळेच असेल, हल्ली माझ्याकडे एमआरआयची पाकिटं घेऊन येणारे वाढलेत. "डॉक्टर, आईचा फोटो काढलाय. अल्झायमर आहे की नाही, तेवढं सांगा." मी रेडिओलॉजिस्ट, फोटो वाचणं हेच माझं काम. तरीही या प्रश्नाचं उत्तर नुसता फोटो बघून देता येत नाही. ते का, एवढंच आज सांगणार आहे.

थोडा इतिहास. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती स्वतःचंच नाव सांगायची. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर प्रथिनांचे साके आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे त्यांना दिसले. म्हणजे त्या काळी हा आजार खात्रीने ओळखायला माणूस जाईपर्यंत थांबावं लागे. आज आपल्याला जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावता येतं.

एमआरआयमध्ये आम्ही काय बघतो? दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, करंगळीएवढा एक भाग असतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. नवीन आठवण पक्की करायचं काम त्याचं. अल्झायमरमध्ये बहुधा हा भाग आणि त्याचा शेजार आधी सुकतो. म्हणूनच आजोबांना शाळेतले मास्तर आठवतात, पण सकाळी चहा झाला की नाही ते आठवत नाही. या भागाला आम्ही शून्य ते चार असे गुण देतो. शून्य म्हणजे भरलेला, चार म्हणजे पार सुकलेला. पण वय बघितल्याशिवाय या गुणांना अर्थ नाही. साठीच्या माणसाला दोन गुण काळजीचे. ऐंशीच्या आजींना ते वयाला धरून असू शकतात. तेव्हा रिपोर्टमध्ये 'वयानुसार मेंदू आकसला आहे' अशा अर्थाची ओळ वाचून घाबरू नका. आणि उलटही खरं, सुरुवातीच्या काळात आजार असून फोटो जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो.

त्यापुढची तपासणी म्हणजे पेट स्कॅन. मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय, ते त्यात कळतं. दुसऱ्या प्रकारच्या पेट स्कॅनमध्ये ते प्रथिनांचे साकेच दिसतात. पण गंमत बघा, स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या कितीतरी वृद्धांच्या मेंदूतही हे साके सापडतात. म्हणजे तेही काही शिक्कामोर्तब नव्हे.

मग स्कॅन करायचाच कशाला? माझ्या दृष्टीने पहिलं कारण हे, की बरा होणारा दुसरा आजार लपलेला नाही ना, ते बघायला. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. महिन्याभरात एकदम गोंधळल्या, सुनेला ओळखेनात. घरच्यांनी वय म्हणून सोडून दिलं होतं. सीटी केला, तर कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबला गेलेला. नंतर आठवलं, दीड महिन्यापूर्वी त्या बाथरूममध्ये घसरल्या होत्या. ऑपरेशन करून रक्त काढलं, आजी पुन्हा भाजी निवडायला बसल्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर साधा मारही अंगावर काढू नका. दुसरं उदाहरण, मेंदूत पाणी वाढणं. चाल अडखळते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरणं वाढतं. योग्य रुग्णात नळी बसवून यात सुधारणा होते. बी-१२ आणि थायरॉइड तर साध्या रक्ततपासणीत कळतात. "वय झालं, चालायचंच" या वाक्याने हे सगळं हातचं जातं.

आणि जे फोटोत दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. लग्नात भेटलेल्याचं नाव आठवलं नाही, रात्री आठवलं, तर ठीक. त्या लग्नाला गेलो होतो हेच आठवत नसेल, आयुष्यभर चोख ठेवलेला दुधाचा हिशोब जमेनासा झाला असेल, तर डॉक्टर गाठा. जाताना कागदावर लिहून न्या: काय बदललं, कधीपासून, हळूहळू की अचानक. तो कागद न्यूरोलॉजिस्टला फिल्मइतकाच उपयोगी पडतो.

अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. काही इंजेक्शनं आली आहेत. ती सुरुवातीच्या टप्प्यात वेग थोडा कमी करतात. पण मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. बाकी बीपी, शुगर ताब्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर लाज न बाळगता मशीन लावा.

शेवटी सोसायटीबद्दल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभर भारतीयांत सातांहून थोड्या अधिक जणांना डिमेन्शिया आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. आपल्या चार विंगचा हिशोब तुम्हीच करा. तरी एकही घर हे उघड बोलत नाही. लोक काय म्हणतील, मुलीचं लग्न व्हायचंय, म्हणून बाबांना घरातच ठेवतात. कार्यकारिणीला माझी विनंती: ज्यांची तयारी असेल त्यांची नावं आणि मुलांचे फोन नंबर गेटवर वॉचमनकडे असू द्या. खिशात फ्लॅट नंबरची चिठ्ठी असू द्या. आजोबा एकटे गेटबाहेर निघाले तर "चला काका, मीही तिकडेच येतो" म्हणणारा कोणीतरी असला पाहिजे. मेंदूतला बदल मला फोटोत दिसेल, पण काकांना सुखरूप घरी आणायचं काम शेजाऱ्याचंच आहे.